सगळ्यांना इंग्रजी येतं, तरी मॅचची कॉमेंट्री आयरिशमध्ये कशाला?

आयरिश भाषा सध्या परत चर्चेत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅथरीन कॉनोली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, त्या आयरिश मोठेपणी शिकल्यात आणि प्रचारातही बोलत होत्या, त्यामुळे "अजून कोण बोलतं ही भाषा?" हा जुना प्रश्न नव्याने सुरू झाला. त्यात आपल्या फोनवर अधूनमधून हर्लिंग या आयरिश खेळाच्या क्लिप्स येतात. रुंद पात्याची काठी, धावता धावता हवेतच ठोकलेला चेंडू, हेल्मेट घातलेली तीस माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि मागून कोणीतरी श्वास न घेता बोलतोय ते ना इंग्रजी वाटतं ना फ्रेंच. ते आयरिश. आणि डोक्यात पहिला विचार हाच येतो की अरे, तिथे तर सगळे इंग्रजी बोलतात, मग हा उपद्व्याप कोणासाठी?

उत्तर वाटतं त्यापेक्षा मजेशीर आहे. नीट बघू.

आधी भाषेचा हिशोब

आयर्लंडच्या राज्यघटनेत आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्रजी दुसरी. कागदावर. प्रत्यक्षात २०२२ च्या जनगणनेत साधारण ५१ लाखांच्या देशात १८ लाख ७४ हजार लोकांनी "आम्हाला आयरिश बोलता येतं" असं लिहिलं, म्हणजे ४० टक्के, पण त्यातल्याच निम्म्याहून जास्त लोकांनी "फार चांगलं नाही येत" असंही सांगितलं. आणि शाळा-कॉलेज सोडून रोजच्या व्यवहारात आयरिश बोलणारे? जेमतेम ७२ हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात एवढी माणसं निघतील.

मग हे बाकीचे १८ लाख आले कुठून? शाळेतून. तिथे पहिलीपासून बारावीसारख्या शेवटच्या परीक्षेपर्यंत आयरिश शिकवतात, त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात ती कुठेतरी पडून असते, व्याकरण विसरलेलं, शब्द अर्धवट आठवणारे, बोलायची वेळ आली की घसा कोरडा. (आपलं शाळेतलं संस्कृत आठवा आणि ते बारा-तेरा वर्षं चाललं असतं तर काय झालं असतं ते बघा.) डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांनाही हे माहितीये, कारण पोरं आयरिशचा होमवर्क घेऊन घरी येतात आणि आईबाबांना त्यातलं एक अक्षर कळत नाही. बारा वर्षांच्या पुढे बाहेरून आलेल्या मुलांना सूट मिळू शकते, लहान असतील तर मात्र शिकावंच लागतं.

जिथे आयरिश अजून घरात बोलली जाते त्या पट्ट्यांना गेल्टाख्त म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. हे पट्टे मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर आहेत, कॉनमारा, केरी, डोनेगॉल वगैरे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सगळ्यात जास्त मेले आणि देश सोडून गेले ते याच आयरिश बोलणाऱ्या गरीब भागातले लोक, आणि जे उरले त्यांनी पोरांना इंग्रजी शिकवलं कारण अमेरिकेची बोट पकडायची तर तीच उपयोगाची. थोडक्यात, भाषा आपोआप मागे पडली असं काही नाही.

कॉमेंट्री टीव्हीच्या आधीपासून आहे

१८८४ साली थर्ल्स नावाच्या गावातल्या हॉटेलात काही मंडळी जमली आणि गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, खेळांची संघटना काढली, तिला सगळे जीएए म्हणतात. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल (यात चेंडू हातातही घेता येतो) हे तिचे मुख्य खेळ. खेळाडूंना पगार नाही, गावागावात क्लब, आणि फायनल डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार लोकांपुढे. ही संघटना पहिल्यापासून भाषेच्या बाजूची. आजही कप घ्यायला वर गेलेला कॅप्टन भाषणाची सुरुवात आयरिशमध्ये करतो, "हा चषक स्वीकारताना मला खूप आनंद होतोय" हे ठरलेलं वाक्य, अनेकांचं तेवढंच पाठ असतं आणि मग गाडी इंग्रजीवर येते. त्यामुळे २००५ मध्ये कॉर्कचा कॅप्टन शॉन ओग ओ हॅल्पीन याने हर्लिंगचा कप घेऊन अख्खं भाषण आयरिशमध्ये केलं तेव्हा लोक बघतच राहिले. त्याची आई फिजीची.

रेडिओवर हर्लिंगची कॉमेंट्री १९२६ पासून आहे, युरोपात मैदानी खेळाचं थेट वर्णन करण्याचे ते अगदी सुरुवातीचे प्रयत्न. आयरिशमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे मीहॉल ओ मुरिहार्टिग. केरीतल्या डिंगलजवळचा मुलगा, डब्लिनमध्ये शिक्षक व्हायचं शिक्षण घेत होता. रेडिओवाल्यांनी चाचणी ठेवली, पोरांना मॅचसमोर बसवलं आणि म्हणाले बोला. याला मैदानावरचा फक्त एकच खेळाडू ओळखीचा, गोलकीपर. मग काय, मॅच कुठेही चालू असो, याच्या वर्णनात तो गोलकीपरच सगळीकडे! निवड झाली. मार्च १९४९ मध्ये, सेंट पॅट्रिक्स डेला, अठराव्या वर्षी त्याने पहिली मॅच आयरिशमध्ये सांगितली आणि २०१० पर्यंत तो माणूस माईक सोडायला तयार नव्हता. सुरुवातीची कितीतरी वर्षं वाटणीच होती, मोठ्यांची फायनल इंग्रजीत दुसरा कोणी सांगायचा आणि त्याच दिवशी आधी होणारी ज्युनियर पोरांची फायनल हा आयरिशमध्ये. नंतर तो इंग्रजीतही देशाचा आवाज झाला, आणि इंग्रजी बोलता बोलता मध्येच आयरिशमध्ये शिरायचा ते कोणाला खटकलं नाही. २०२४ मध्ये तो गेला.

छोट्या चॅनलचा मोठा जुगाड

आता टीव्हीकडे. गेल्टाख्तमधल्या लोकांची तक्रार साधी होती, आम्ही टॅक्स भरतो आणि आमच्या भाषेत टीव्हीवर काहीच नाही. १९७० मध्ये कॉनमाराच्या तरुणांनी चक्क बेकायदा रेडिओ स्टेशन चालवलं, मग १९७२ ला सरकारने अधिकृत आयरिश रेडिओ सुरू केला. टीव्हीसाठी मात्र १९९६ उजाडलं. तेव्हाचे मंत्री मायकल डी. हिगिन्स, जे पुढे चौदा वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, त्यांच्या काळात ३१ ऑक्टोबरला चॅनल सुरू झालं आणि १९९९ पासून त्याचं नाव टीजी फोर. मुख्य ऑफिस डब्लिनमध्ये नाही, कॉनमारात, गॉलवे शहराच्या पुढे समुद्राच्या कडेला.

चॅनल तर काढलं, पण दाखवणार काय? मोठ्या मॅचेसचे हक्क, म्हणजे टीव्हीवर दाखवायची परवानगी जी लिलावासारखी विकली जाते, ते यांना परवडणारे नव्हते. मग यांनी काय केलं, जे इतर कोणाला नको होतं ते उचललं. क्लबच्या मॅचेस, हिवाळ्यातली लीग, वयोगटाच्या स्पर्धा, स्पॅनिश फुटबॉल, विम्बल्डन, टूर द फ्रान्स. परदेशातल्या स्पर्धेत चित्र तयारच मिळतं, आयोजकांचे कॅमेरे, आयोजकांचे रिप्ले, आपण स्टुडिओत स्क्रीनसमोर दोन माणसं बसवायची आणि आवाज आपला चढवायचा. टीव्हीवर यापेक्षा स्वस्तात काही होत नाही. गावातल्या क्लबच्या मॅचला मात्र स्वतःचे कॅमेरे, स्वतःची व्हॅन, डिसेंबरच्या पावसात चिखलात उभी, ते महाग पडतं, पण तिथे स्पर्धक चॅनल कोणी नव्हतं हाच फायदा.

माझ्या मते यातली सगळ्यात हुशार खेळी महिलांच्या गेलिक फुटबॉलची. २००१ पासून टीजी फोर ते दाखवतंय आणि प्रायोजकही तेच, स्पर्धेच्या नावातच चॅनलचं नाव. तेव्हा महिलांच्या मॅचेसना टीव्हीवर कोण विचारत होतं? २०१९ च्या फायनलला क्रोक पार्कमध्ये ५६ हजारांवर लोक आले. या वीसेक वर्षांत ज्या मुली टीव्हीवर बघत मोठ्या झाल्या त्यांच्यासाठी त्या खेळाचा आवाजच आयरिश आहे, इंग्रजीत ऐकायची सवयच नाही. भाषेला इथे कोणाची तरी जागा हिसकावून घ्यावी लागली नाही, रिकामी जागा होती तिथे ती आधी जाऊन बसली.

रग्बीत वेगळी गंमत. २०२१ पासून तिथल्या प्रोफेशनल लीगच्या मॅचेस राष्ट्रीय चॅनल आणि टीजी फोर वाटून घेतात. म्हणजे मन्स्टर संघाचा कट्टर फॅन, आयरिशचा तास म्हणजे शिक्षा असं आयुष्यभर सांगणारा, शनिवारी संध्याकाळी टीव्ही लावतो आणि फुकटात दिसणारी मॅच फक्त आयरिशमध्ये. बघतो की मग. जातो कुठे.

पण कळत नसेल तर?

हा खरा प्रश्न आहे आणि इथेच खेळाचा मुद्दा येतो. आयरिशमध्ये बातम्या लावल्या आणि भाषा येत नसेल तर दोन मिनिटांत चॅनल बदलाल, नाटक-मालिकेला खाली इंग्रजी सबटायटल्स वाचत बसावं लागतं. मॅचमध्ये जे घडतं ते डोळ्यांसमोरच घडतं. कॉमेंटेटर जे बोलतो त्याचा पुरावा त्याच क्षणी पडद्यावर.

पुण्यात फ्लॅट शेअर करणारा केरळचा रूममेट बघा, तो मराठीचं पुस्तक कधी उघडत नाही, पण चार महिन्यांत फोडणी, झाकण, गॅस बारीक कर, जळतंय बघ, हे सगळं त्याला येतं कारण शब्द आणि गोष्ट एकदमच समोर येतात, आणि रोज तेच तेच शब्द. कॉमेंट्रीचं तसंच. कॉमेंटेटर "कूल" ओरडला आणि जाळी हलली, तर कूल म्हणजे गोल हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता स्कोअरचं बघा, कारण शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त फावतं ते इथे. गेलिक खेळांत चेंडू जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन गुण, आणि दांडीच्या वरून गेला तर एक पॉइंट. स्कोअर लिहितात २-१५, म्हणजे दोन गोल आणि पंधरा पॉइंट, एकूण एकवीस. आयरिशमध्ये हे साधारण असं ऐकू येतं: "घा खूल, कूग खूलीन जेग". यातला पंधरा आकडा दोन तुकड्यांत आहे, "कूग" म्हणजे पाच आणि शेवटचं "जेग" म्हणजे दहाच्या पुढचं, आणि पॉइंटसाठीचा शब्द मध्ये सँडविच. शिवाय दोन ते सहा या आकड्यांच्या मागे आल्यावर कूलचं खूल होतं, सुरुवातीचा आवाजच बदलतो. वर्गात फळ्यावर हा नियम शिकताना पोरं वैतागतात. मॅचमध्ये तोच नियम सत्तर मिनिटांत तीस-चाळीस वेळा कानावर पडतो, प्रत्येक वेळी आकडा कोपऱ्यात लिहिलेला दिसतोय, टीमचं नावही तिथे आयरिशमध्येच. कॉर्क नाही, कॉर्कीग. नियम कोणी सांगत नाही पण कान तयार होतो.

अजून एक, हे मला स्वतःला फार आवडतं. आयरिशमध्ये क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं. "मारला पॅट्रिकने चेंडू" हे तिथलं सरळ साधं वाक्य. आपलं क्रियापद शेवटी, म्हणून मराठीत क्रिकेटचं वर्णन करणाऱ्यालाही घाई झाली की वाक्य उलटं करावं लागतं, "आणि मारलाय, सरळ प्रेक्षकांत!" आयरिशवाल्याला ती कसरत नाही, काय झालं ते आधी, कोणी केलं ते मागून, तेवढ्यात ओळखायला अर्धा सेकंद मिळतो. अर्थात खेळ फारच वेगात असला की कुठल्याही भाषेतला कॉमेंटेटर नुसती नावंच घेतो, तेव्हा व्याकरणबिकरण सगळं गेलं उडत.

"लोक म्यूट करून बघत असतील"

काही जण करतात, खोटं कशाला बोलायचं. टीव्हीचा आवाज बंद आणि बाजूला रेडिओवर इंग्रजी कॉमेंट्री, हा जुना उपाय आहे. पण त्यात एक अडचण अशी की रेडिओ आणि डिजिटल टीव्हीचं टायमिंग जुळत नाही, रेडिओवर गोल झालेला असतो आणि टीव्हीवर अजून पास चाललाय, मजा जाते. शिवाय क्लबच्या बऱ्याच मॅचेसना दुसरी कॉमेंट्री सहज मिळतच नाही.

आणि ७२ हजारांचं काय? आपण सगळा वेळ "न येणाऱ्यांना काय फायदा" हेच बोलतोय, पण कॉनमारातल्या आजोबांना आयुष्यभर घरात एक भाषा आणि टीव्हीवर दुसरी असं बघावं लागलं, त्यांच्यासाठी कॉमेंट्री हा काही भाषेचा क्लास नाही, ती नुसती कॉमेंट्री आहे, रेफरीला शिव्या घालता येतील अशी. याला वेगळं समर्थन लागत नाही असं मला वाटतं.

हे आयरिश अस्सल असतं का?

यावर तिथे कायम भांडण. एकतर बोलीच तीन, दक्षिणेची मन्स्टर, पश्चिमेची कॉनॉक्ट, उत्तरेची अल्स्टर. केरीचा कॉमेंटेटर बोलला की डोनेगॉलवाल्याला कान टवकारावे लागतात. शाळेत शिकवतात ती प्रमाण भाषा चौथीच. टीजी फोरने यात शहाणपणा हा केला की सगळ्यांना एका साच्यात घातलं नाही, ज्याची जी बोली ती त्याने बोलावी.

दुसरं म्हणजे इंग्रजी मध्ये मध्ये येतंच. मॅच संपली की सामनावीराला गाठतात, तो आयरिश बोलणारा असेल तर उत्तम, नाहीतर बिनदिक्कत इंग्रजीत मुलाखत, रग्बीचे कोच तर बहुतेक इंग्रजीतच. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही. मला विचाराल तर याच्यामुळेच चाललंय, खेळाडूला आयरिश येत नाही म्हणून त्याचं तोंड बंद ठेवलं असतं तर प्रेक्षकही गेले असते आणि खेळाडूही.

तज्ज्ञ माणसं मात्र आयरिश बोलणारी लागतात, आणि ती कुठून मिळतात हे बघण्यासारखं आहे. जीएएच्या खेळाडूंना पगार नाही म्हणजे प्रत्येकाची नोकरी असते, आणि त्यात शिक्षक खूप. प्राथमिक शाळेत शिकवायचं तर आयरिश यावंच लागतं! म्हणजे खेळही कळतो आणि भाषाही येते अशी माणसं व्यवस्थेतच तयार होतात. शिवाय केरीसारख्या ठिकाणी गेल्टाख्तमधूनच मोठे खेळाडू आले, गेलिक फुटबॉलमधला २००४ चा विजेता कॅप्टन दारा ओ किनेडे त्यातलाच, तो नंतर आयरिश रेडिओवर आणि टीव्हीवर दिसू लागला. रग्बीत किंवा सायकलिंगमध्ये असा माणूस शोधायला जास्त धावपळ होते, साहजिक आहे.

"सगळा सरकारी पैसा ना?"

बराचसा, हो. जाहिराती असतात पण चॅनल मुख्यतः जनतेच्या पैशावर चालतं. यावर तिथले काही लोक नाराज असतात. पण असं करणारे ते एकटे नाहीत. वेल्समध्ये वेल्श भाषेचं चॅनल १९८२ ला सुरू झालं, आणि ते कसं, तर सरकारने दिलेलं आश्वासन फिरवलं तेव्हा ग्विनफोर एव्हान्स नावाच्या नेत्याने आमरण उपोषणाची धमकी दिली आणि मार्गारेट थॅचरच्या सरकारला मागे यावं लागलं. (उपोषणाने थॅचरबाई नमल्या हे वाचून मला जरा बरं वाटलं.) तिथेही रग्बी-फुटबॉल वेल्शमध्ये असतंच. स्कॉटलंडमध्ये गेलिक ही आयरिशची बहीणभाषा, तिच्या चॅनलनेही तोच रस्ता धरला. ज्या भाषेत फक्त कविसंमेलनं आणि चर्चासत्रं होतात ती भाषा लोक आदराने बाजूला ठेवतात, हे या तिघांनाही कळलेलं दिसतं.

मराठीशी याची तुलना करायचा मोह होतो पण ती अर्धीच लागू पडते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत आणलं, २०२३ पासून आयपीएल फोनवर बघताना मराठी कॉमेंट्रीचा पर्याय होता, पण मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींवर. कंपनीला तिथे धंदा दिसतो. आयरिशमध्ये धंदा दिसत नाही, म्हणून कोणीतरी ठरवून पैसे घालावे लागतात. आणि एक फरक उलट्या बाजूने, आपल्याकडे भाषा निवडायचं बटण असतं आणि बरेच मराठी लोक ते हिंदीवर किंवा इंग्रजीवरच ठेवतात. टीजी फोरवर सहसा बटणच नाही.

मग भाषा वाचली का?

नाही, इतकं सोपं नाही ते. रोज बोलणारे २०१६ मध्ये जवळपास ७४ हजार होते, २०२२ मध्ये ७२ हजार, म्हणजे कॉमेंट्री चालू असताना आकडा खालीच आलाय. गेल्टाख्तमध्ये घरं महाग झालीत, तरुण पोरं गॉलवे-डब्लिनला जातात, आणि त्यावर कुठल्याही कॉमेंटेटरकडे इलाज नाही. भाषा घरात बोलली गेली तरच टिकते, मॅच आठवड्यातून एकदाच असते.

कॉमेंट्री जे करते ते वेगळं आणि छोटं आहे. "आयरिश म्हणजे परीक्षा" हे जे लाखो लोकांच्या डोक्यात बसलंय त्याला ती जरा हलवते. आणि भाषेला नवं बोलायला लावते, हेही महत्त्वाचं. २०२५ मध्ये गेलिक फुटबॉलचे नियम बदलले, ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला आता दोन गुण, हे लीगच्या पहिल्याच आठवड्यात कॉमेंटेटरला थेट आयरिशमध्ये सांगायचं होतं. समिती बसून शब्द ठरवेल तोवर थांबायला वेळ कोणाला होता.

बघायचं असेल तर टीजी फोरचं मोफत ॲप आहे, भारतातून सगळ्या मॅचेस दिसतीलच असं नाही कारण हक्क देशानुसार असतात, पण हायलाइट्स यूट्यूबवर सापडतात. सुरुवात हर्लिंगने करू नका, चेंडूच दिसत नाही. महिलांची फुटबॉल फायनल लावा, कोपऱ्यातला स्कोअर आणि कान यांची जोडी लावत बसा, हाफटाइमपर्यंत निदान दहापर्यंत मोजता येईल.